फोटोग्राफीच्या असाइनमेंट : आधी उन्हात की आधी स्टुडिओत? (सोलापूर)

सातरस्ता | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सोलापुरात शनिवार-रविवारी मी एक छोटा फोटोग्राफीचा वर्ग घेते. मुलं-मुली बहुतेक कॉलेजातली, दोघं-तिघं नोकरी सांभाळून येणारे. निम्म्यांकडे कॅमेरा आहे, निम्म्यांकडे मोबाइल. स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) आणि भिंतीला लावलेला पांढरा कागद.

नवीन बॅच पुढच्या महिन्यात सुरू होतेय आणि मला असाइनमेंटचा क्रम बदलायचाय. सगळीकडे पद्धत अशी की आधी मुलांना बाहेर सोडायचं : सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, पार्क चौकातली संध्याकाळ. स्टुडिओ शेवटी, तोही उरलेल्या वेळात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा तलावावरचा सूर्यास्त येतो आणि सगळ्यांचा सारखाच येतो. फोटो वाईट नसतात, पण "उजेड कुठून आला होता?" असं विचारलं की मुलं सूर्याकडे बोट दाखवतात आणि तिथेच गाडी थांबते.

माझं मत : स्टुडिओ आधी. एकच दिवा, एकच वस्तू. दिवा डावीकडे नेला की सावली उजवीकडे जाते, जवळ आणला की सावलीची कड मऊ होते. हे एकदा डोळ्यांत बसलं की मग बाहेर सोडावं.

तुम्ही कसे शिकलात? कुठल्या असाइनमेंटने खरंच काही शिकवलं? सोलापूरचं उदाहरण दिलंत तर फार बरं, कारण आपलं ऊन पुस्तकातल्या उन्हासारखं नसतं.

---

पार्कचौक_बे | रविवार, रात्री ९:५८

पयला नंबर! ताई, मे महिन्यात मुलांना बाहेर सोडू नका, एवढंच म्हणणं आहे बे आपलं. कॅमेरा तापून बंद पडतोय, पोरगं त्याच्या आधी.

---

जुना_हायपो | रविवार, रात्री १०:३१

सातरस्ता ताई, विषय चांगला काढलात. माझा विरोध नोंदवतो.

आमचा नवी पेठेकडे स्टुडिओ होता, वडिलांच्या वेळेपासून. मी त्याच स्टुडिओत वाढलो, तरी सांगतो : आधी बाहेर. कारण स्टुडिओतला प्रत्येक दिवा ही बाहेरच्याच उजेडाची नक्कल आहे. विजेचे मोठे दिवे यायच्या आधी स्टुडिओला उत्तरेकडून काचेचं छप्पर असायचं. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास एकसारखा राहतो, थेट ऊन आत येत नाही. तुमचा आजचा सॉफ्टबॉक्स म्हणजे तीच खिडकी. ज्या पोराने खिडकीशी बसलेल्या आजीचा चेहरा नीट पाहिलेला नाही, त्याला सॉफ्टबॉक्स कुठे लावायचा हे पाठ करावं लागेल, समजणार नाही.

वडील नवीन मुलाला पहिले काही दिवस कॅमेऱ्याला हातच लावू देत नसत. त्याला दुकानाच्या पायरीवर बसवायचं आणि विचारायचं, समोरच्या माणसाच्या नाकाची सावली कुठे पडली? सकाळी कुठे होती? आता कुठे गेली?

दुसरं. फिल्मचा रोल ३६ फ्रेमचा. असाइनमेंटला ३६ फोटोंची मर्यादा घाला. सोबत वही : प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र केवढं), शटर (किती वेळ उघडं), उजेडाची दिशा. रोल धुऊन येईपर्यंत मुलाला ते लक्षात ठेवावं लागायचं, म्हणून ते हाडात मुरायचं.

---

पुण्यातली_सोलापूरकर | रविवार, रात्री ११:०५

काकांच्या पायरीवरच्या धड्याला +१. ३६ च्या मर्यादेला मात्र नाही.

मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करते, पोट त्यावरच आहे. डिजिटलचा मोठा फायदा म्हणजे चूक लगेच दिसते आणि लगेच दुरुस्त करता येते. एकाच चादरीचे दिवा बोटभर सरकवत शंभर फोटो काढले, तर शंभरावा फोटो पहिल्यापेक्षा का चांगला हे मुलाला समोर दिसतं. फिल्म महाग होती म्हणून ती शिस्त आली. आज फुकट मिळणारा सराव आपण का नाकारायचा? मर्यादा जमा करण्यावर घाला : कितीही काढा, जमा पाचच करा, आणि ते पाच का निवडले ते लिहा.

ताईंच्या प्रश्नावर : स्टुडिओ आधी, १००%. आणि पहिली असाइनमेंट सोलापुरी टॉवेल. मी गंमत करत नाहीये. टॉवेलवर दिवा समोरून टाका. टॉवेल पुठ्ठ्यासारखा दिसतो, एकही लूप दिसत नाही. आता तोच दिवा टेबलाच्या उंचीला आणा, कापडाला जवळजवळ समांतर, जेमतेम दहा-पंधरा अंशांवर. प्रत्येक लूपची एक बाजू उजळते, दुसरीकडे छोटी सावली पडते आणि टॉवेल हाताला लागतोय असं वाटायला लागतं. समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावल्या तेवढ्याच उघडतात. पोत दिसतो तो सावलीमुळे, ही गोष्ट यापेक्षा स्वस्तात शिकवता येत नाही.

पुढची पायरी पांढरा टॉवेल पांढऱ्या कागदावर. उजेड मोजणारा कॅमेऱ्याचा मीटर तो करडा करणार, कारण मीटरला समोरचं जग सरासरी १८% करडं हवं असतं. मुलाला स्वतःहून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दीड-दोन स्टॉप वाढवावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तिथे त्याला कळतं की मीटर सल्ला देतो, निर्णय आपला.

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ८:१२

टॉवेल झाला, चादर झाली, आता शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर कोणी बोला! लालसर-तपकिरी चटणी लालसर-तपकिरी लाकडी पाटावर ठेवली की फोटोत गायब होते. मी निळसर खापराच्या बशीत ठेवते आणि मागून खिडकीचा उजेड घेते. तेल सुटलेलं असतं ना, त्यावर मागचा उजेड चमकतो. समोरून घेतला तर चटणी मातीसारखी दिसते आणि आमच्या आईला ते अजिबात चालत नाही.

---

पार्कचौक_बे | सोमवार, सकाळी ८:२०

@शेंगाचटणी, फोटो झाल्यावर चटणीचं काय करता? असाइनमेंट तपासायला यायला तयार आहे आपण.

---

धोटा | सोमवार, दुपारी १:४४

मी ताईंच्या आधीच्या बॅचचा विद्यार्थी. घर पूर्व भागात, घराच्या मागेच आमचा कारखाना, चार माग. दिवसभर खटखट. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या शेडने, आणि ती शेड बाहेरही नाही आणि स्टुडिओही नाही.

असाइनमेंट होती "काम करणारे हात". मी वडिलांचे फोटो काढायला घेतले. शटर सेकंदाच्या १/१००० वर ठेवला, आडवा धागा घेऊन पळणारा धोटा हवेत थांबला, एकदम स्वच्छ. पण फोटो बघून वडील म्हणाले, "माग बंद पडलाय का रे?" मागावर उभा असलेला माणूस जवळपास स्थिर असतो, बोटं फक्त तुटलेला धागा शोधत असतात, पळत असतो तो धोटा. मग १/५० ला आलो. धोट्याची पांढरी रेघ उमटली, वडील मात्र स्थिर. तो फोटो बघून ते काही बोलले नाहीत, शेजारच्या काकांना बोलावून दाखवला.

दुसरी गोष्ट. १/१००० ला काढलेल्या काही फोटोंत आडवे काळपट पट्टे होते. कॅमेरा बिघडला असं घरात सगळ्यांचं मत. ताईंनी सांगितलं की आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे जातात. हे मला स्टुडिओत फ्लॅशवर कधीच कळलं नसतं.

आणि तूस! शेडमध्ये सुताचा तूस सतत उडत असतो. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन येतं तेव्हा फटीच्या समोर उभं राहिलं की तो तूस चमकतो, पाठ फिरवून फटीकडून बघितलं तर काहीच दिसत नाही. जागा तीच, ऊनही तेच, मी फक्त चार पावलं सरकलो होतो.

---

जुना_हायपो | सोमवार, दुपारी २:३०

धोटा, बाळा, तो १/५० चा फोटो इथे टाक. आणि मोठा प्रिंट काढून कारखान्यातच लाव.

---

लग्नसराई | सोमवार, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचं वाचलं. मी लग्नं करतो, सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. माझ्याकडे दरवर्षी कोर्स केलेली मुलं सहायक म्हणून येतात. स्टुडिओवाल्यांना हॉलमध्ये घाम फुटतो, बाहेर शिकलेल्यांनाही फुटतो. कारण मंगल कार्यालयात एका बाजूला खिडकीचं निळसर ऊन, वर पिवळे दिवे, स्टेजवर रंग बदलणारे एलईडी आणि व्हिडिओवाल्याचा दिवा थेट नवरीच्या डोळ्यांत. असा उजेड कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

माझी एक असाइनमेंट घ्या ताई : हळद. पिवळी साडी, पिवळा मांडव, झेंडूच्या माळा आणि अंगभर हळद. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतो, फारच पिवळं झालं, आणि निळं मिसळतो. मग नवरीचा चेहरा आजारी दिसतो. करड्या कार्डाचा एक फोटो आधी काढून ठेवा किंवा केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने लावा. घरच्या घरी करून बघता येतं : पिवळी साडी पसरा, त्यावर बहिणीला बसवा, ऑटोवर एक फोटो, हाताने लावून एक.

आणि खरं सांगतो, सोलापुरात या धंद्यात पोट भरायचं असेल तर नव्वद टक्के काम लग्नाचंच मिळतं. मुलांना ते हलकं काम आहे असं शिकवू नका. लोक आयुष्यभर तोच अल्बम काढून बघतात.

---

सातरस्ता | सोमवार, रात्री ९:०२

लग्नसराई, हलकं काम असं माझ्या वर्गात कोणीच म्हणणार नाही, शब्द देते. हळदीची असाइनमेंट घेतली.

हायपो काका, उत्तरेच्या छपराचा मुद्दा पटला. तरी माझी अडचण राहतेच. खिडकी हलवता येत नाही, दिवा हलवता येतो, आणि हलवल्याशिवाय मुलांना फरक दिसत नाही.

---

जुना_हायपो | सोमवार, रात्री ९:२०

खिडकी हलत नाही, पण माणूस हलतो ना ताई! आजीची खुर्ची सरकवा.

---

गच्चीवरून | सोमवार, रात्री ११:१६

मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे.

मी पूर्वी एका दुसऱ्या वर्गात होते, नाव नको. तिथे असाइनमेंट असायच्या त्या अशा : पहाटे हिप्परगा तलावावर पक्षी, रात्री गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) गर्दीत पाळणे, माळावर सूर्योदय. माझ्या घरून पहाटे साडेपाचला एकटीला सोडत नाहीत. वर्गातल्या आणखी दोघींचंही तेच. ज्यांनी केलं नाही त्यांचे गुण कापले. सर म्हणायचे, फोटोग्राफर व्हायचं तर घराबाहेर पडावं लागेल. पडायला आम्ही तयारच होतो हो. रस्त्यावर दिवे नव्हते आणि सोबत कोणी नव्हतं.

मी शेवटी गच्चीवर असाइनमेंट केली. उन्हाळ्यात आई आणि काकू जुन्या पांढऱ्या साडीवर कुरडया घालतात. सकाळी सातला उजेड आडवा असतो, कुरडईच्या प्रत्येक वेटोळ्याची सावली पडते, सगळी साडी नक्षीने भरून जाते. बाराला त्याच कुरडया चपट्या चकत्या दिसतात. पाचला सावल्या दुसऱ्या बाजूला आणि ऊन पिवळं. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने तीन फोटो. पुण्यातली_सोलापूरकर टॉवेलबद्दल जे सांगतायत ते मी कुरडईवर शिकले.

सातरस्ता ताई, क्रम कुठलाही ठेवा, पण प्रत्येक बाहेरची असाइनमेंट गच्चीवर किंवा अंगणातही करता येईल अशी ठेवा. नाहीतर वर्गात मुली दिसतील आणि प्रदर्शनात दिसणार नाहीत.

---

पुण्यातली_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ७:५०

गच्चीवरून, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. कुरडया फार सुंदर.

होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होत्या तेव्हाचे त्यांचे फोटो बघ. वर्गमैत्रिणी, सहली, मुंबईतलं रोजचं आयुष्य. जवळ जे होतं तेच विषय झाले. सुरुवातीचे फोटो तर नवऱ्याच्या नावाने छापले गेले. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधी त्या मैत्रिणींचे फोटोच उत्तम होते.

---

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ९:३०

गच्चीवरून, तुझी सूचना मान्य. लांबच्या ठिकाणी आम्ही गटानेच जाऊ, उजाडल्यावर, आणि न येणाऱ्यांसाठी त्याच उजेडाची घरची असाइनमेंट असेल. गुण सारखेच.

---

माळरान | मंगळवार, सकाळी १०:१०

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

नान्नजला मुलांना नेणार असाल तर कृपया "माळढोकचा फोटो" अशी असाइनमेंट देऊ नका. १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते त्या पक्ष्यासाठी, पण आता तो दिसणं जवळजवळ दुर्मीळच. फोटोच्या हट्टापायी गाड्या माळावर घातल्या जातात आणि गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या बाकीच्या पक्ष्यांची अंडी चाकाखाली जातात. रस्ता सोडायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. गाडी हाच उत्तम आडोसा, काळवीट गाडीला बिचकत नाही, उभ्या माणसाला बिचकतो.

विषय द्यायचाच तर "माळ आणि आकाश" द्या. क्षितिजाची रेघ कुठे ठेवायची, गवताच्या मागून ऊन आलं की ते कसं उजळतं, काळविटाभोवती किती मोकळी जागा सोडायची. ५० मिमीची साधी लेन्सही पुरते. मुलांना मोठी लेन्स नाही म्हणून वाईट वाटतं, ते वाटायचं कारण राहत नाही.

विजापूर रोडच्या कंबर तलावावर तर सगळ्यांनाच जाता येतं.

---

मीमांसक | मंगळवार, दुपारी १२:४०

उजेड, सावली, केल्विन सगळं वाचलं. उत्तम. पण फोटोतला माणूस कुठे आहे?

सोलापुरात फोटोग्राफीचा वर्ग म्हटलं की विडी वळणाऱ्या बायकांचे हात हे ठरलेलं. मुलं वस्तीत जातात, दारात बसलेल्या बाईच्या मांडीवरचं सूप, तेंदूची पानं, बोटं यांचे धडाधड फोटो काढतात आणि निघून जातात. तिचं नाव विचारत नाहीत. दिवसाला किती विड्या वळायच्या आणि त्यातल्या किती नापास होतात हे विचारत नाहीत. प्रदर्शनात फोटोखाली "श्रम" लिहिलेलं असतं.

माझी असाइनमेंट : पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. बसायचं, बोलायचं. दुसऱ्या भेटीत विचारून फोटो. तिसऱ्या भेटीत प्रिंट हातात द्यायचा. तिसरी भेट झाली नाही तर असाइनमेंट अपूर्ण.

---

धोटा | मंगळवार, दुपारी १:१५

मीमांसक, मनापासून +१. माझी आजी विड्या वळायची. तिचे फोटो काढायला लोक येऊन गेले असं ती सांगायची, घरात एकही फोटो नाही. जो फोटो आहे तो रेशनकार्डाचा.

---

लग्नसराई | मंगळवार, दुपारी १:३२

धोटा :( प्रिंटचा मुद्दा एकदम बरोबर. साध्या साइझचा प्रिंट चहाच्या पैशात येतो, कारण सांगायला जागाच नाही.

---

मीमांसक | मंगळवार, दुपारी २:०५

आणि मूळ प्रश्नावर माझं मत : स्टुडिओतही माणूसच बसवा आधी. टॉवेल नंतर.

---

पुण्यातली_सोलापूरकर | मंगळवार, दुपारी ३:१०

इथे असहमत. माणूस कंटाळतो, टॉवेल कंटाळत नाही. नवशिका मुलगा दिवा तासभर सरकवत बसला तर समोरच्या माणसाचा चेहरा पडतो आणि मग मुलगा घाबरून "झालं, झालं" म्हणतो. आधी वस्तूवर हात बसू दे.

एक हिशेब मुलांकडून घोकून घ्या : दिवा दोन फुटांवरून चार फुटांवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. दोन स्टॉपचा फरक. दिवा चेहऱ्याच्या जवळ असला की मागची भिंत आपोआप काळी पडते ती यामुळेच. बाहेर सूर्य इतका लांब आहे की चार पावलं मागेपुढे झाल्याने काही फरक पडत नाही. स्टुडिओ आणि बाहेर यातला खरा फरक हाच.

---

पार्कचौक_बे | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

काय धागा झालाय राव! आपल्याकडून गड्ड्याची असाइनमेंट घ्या, त्याशिवाय सोलापूर पूर्ण होत नाही.

संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, मानाचे सात. खाली माणसं पांढऱ्या बाराबंदीत, रस्ता पांढराच पांढरा. मोबाइलने काढलं की बाराबंदी मळकी येते आणि चेहरे काळे. मघाशी पुण्याच्या ताई पांढऱ्या टॉवेलचं सांगायलेत ना, मीटर करडं करतो म्हणून? तेच हे. आपण एक्स्पोजर थोडं वाढवून घेतो. पण दुपारचं ऊन असेल तर बाराबंदी फाटते, म्हणजे नुसता पांढरा डाग येतो, घडीची एक रेघ दिसत नाही. मग आपण सावलीच्या बाजूने काढतो.

आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम : ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/११, बल्ब मोड (बटण दाबून ठेवू तोवर शटर उघडं). काळा पुठ्ठा घेऊन जायचा. शटर उघडं ठेवायचं, एक बार झाला की लेन्सपुढे पुठ्ठा, दुसरा वर जायला लागला की पुठ्ठा बाजूला. एकाच फोटोत तीन-चार बार. कुठली बाजूची जागा घ्यायची ते सांगणार नाही, गुपित आहे बे.

---

सातरस्ता | मंगळवार, रात्री ९:१५

पार्कचौक, काळा पुठ्ठा वर्गात करता येईल! अंधाऱ्या खोलीत शटर उघडं ठेवून टॉर्चने एकेक वस्तू उजळायची. गड्ड्याच्या आधी हात तयार होईल.

---

धोटा | मंगळवार, रात्री ९:४१

ताई, मग जोड्याच लावा ना. आधी काय नंतर काय हा वादच राहणार नाही. आत पांढरा टॉवेल, त्याच आठवड्यात बाहेर पांढरे कपडे. आत टॉवेलवर आडवा दिवा, बाहेर सातच्या उन्हात कुरडया. आत चहाच्या कपाची वाफ मागून दिवा लावून, बाहेर हुरड्याच्या आगटीचा धूर ऊन पाठीमागून घेऊन. माझा तूस पण त्यातच बसतो.

---

माळरान | मंगळवार, रात्री १०:०३

धोट्याने सोडवलं! हुरड्याच्या असाइनमेंटला मी शेत देतो. मात्र गोवऱ्या पेटवायच्या आणि हुरडा भाजायचा, दोन्ही मुलांनी स्वतः.

आडव्या उजेडासाठी आणखी एक जागा सुचवतो. हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. अक्षरं उथळ आहेत, समोरून फ्लॅश मारला तर दगड सपाट दिसतो. बाजूने टॉर्चचा उजेड आडवा टाकला की अक्षरं एकेक करून वर येतात. अक्षरांना किंवा दगडाला हात लावायचा नाही, खडू-पावडर तर अजिबात चोळायची नाही. ट्रायपॉड लावायचा तर तिथे आधी विचारून घ्या.

---

गच्चीवरून | मंगळवार, रात्री १०:२२

कुडलला गट जाणार असेल तर मी येणार. आईला विचारलंय, हो म्हणाली.

---

पुण्यातली_सोलापूरकर | बुधवार, सकाळी ८:०५

जोड्या उत्तम. एक जोडी माझ्याकडून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. चेहऱ्याचा फोटो काढा : डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर. मग हनुवटीखाली पांढरं थर्माकोल किंवा नुसतं वर्तमानपत्र धरा, खड्डे उघडतात. स्टुडिओत तोच दिवा छताला लावून तेच करा. पाच मिनिटांत उरका, उन्हात कोणाला उभं करू नका.

---

जुना_हायपो | बुधवार, सकाळी ११:२०

जोड्या चांगल्या आहेत. तरी जोडीत बाहेरचं आधी ठेवा, हे म्हणणं मी सोडणार नाही. मुलाने आधी कुरडईची सावली बघावी, मग ती दिव्याने घडवावी.

आमच्या स्टुडिओचा रंगवलेला पडदा अजून माळ्यावर आहे. कमानी, कुंड्या, मागे तळं. आणि एक लाकडी खुर्ची, जिच्यावर निम्म्या सोलापूरचे आजोबा बसलेत. वर्गाला हवं असेल तर घेऊन जा. पडद्याला घडी घालू नका, गुंडाळूनच न्या, रंग उडतो.

---

सातरस्ता | बुधवार, रात्री ९:३०

काका, पडदा घ्यायला रविवारी मी स्वतः येते, दोन मुलं सोबत आणते.

ठरलं ते असं. प्रत्येक आठवड्याला एक जोडी. पहिल्या दोन जोड्यांत बाहेरचं आधी, काकांच्या पद्धतीने : पायरीवर बसून नाकाची सावली, मग गच्चीवरच्या कुरडया किंवा अंगणात जे वाळत घातलं असेल ते. पुढच्या जोड्यांत आतलं आधी. बॅच संपताना मुलांनाच विचारेन कुठला क्रम सोपा गेला आणि इथे येऊन लिहीन. टॉवेल, पांढरे कपडे, हळद, धूर, माग, कुडल आणि काळा पुठ्ठा सगळं घेतलं. मीमांसकांच्या तीन भेटी पूर्ण बॅचभर चालतील, शेवटच्या दिवशी प्रिंट पोचल्याची खात्री मी स्वतः करेन. जमा करायचे फोटो पाच, सोबत वही. म्हणजे ३६ नाही काका, पण वही तुमचीच.

---

नवीन_सदस्य_अक्कलकोटरोड | गुरुवार, सकाळी ७:१८

मी आजच खातं उघडलं. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, कॅमेरा घ्यायला अजून वेळ लागेल. मोबाइलवर या जोड्या करता येतील का? की आधी कॅमेरा घेऊन मग प्रवेश घ्यावा?

---

सातरस्ता | गुरुवार, सकाळी ८:४०

कॅमेऱ्यासाठी थांबू नका, या. बहुतेक मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर बदलत नाही, पण प्रो मोडमध्ये शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावता येतात, तेवढं पुरतं. ऑटोवर ठेवू नका : मोबाइल दोन-तीन फोटो जोडून सावल्या स्वतःच उजळतो आणि आपल्याला नेमक्या सावल्याच बघायच्या आहेत. प्रो मोड नसेल तर तसं कळवा, एखादं अ‍ॅप सुचवते. दारूकामासाठी ट्रायपॉडला लावायची मोबाइलची पकड वर्गात आहे.

---

पार्कचौक_बे | गुरुवार, सकाळी ९:०१

आणि काळा पुठ्ठा आपण देतो. ये बे बिनधास्त.